रोह्याचे देऊळ बंद झाल्यावर

मी, सेसिलिया दिनानाथ पठारे, वय ७१, राहणार रोहा, शिक्षण मॅट्रिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. लिहायचे ठरले ते गेल्या रविवारी. बुद्धी जागेवर आहे.

त्या रविवारी चर्चच्या उपासनेत, मिस्सेत, बिशप महागुरूस्वामींचे पत्र वाचले गेले: धर्मगुरू अपुरे, म्हणून रोह्याचे देऊळ बंद, यापुढे मिस्सा पेणला. वाचन संपताच आम्ही बायबलच्या वाचनानंतरच्या सवयीने एका सुरात म्हणालो, "देवाला धन्यवाद!" मीसुद्धा. मग कोणाला मान वर करवेना.

१. घर माझी मुलगी मनाली हिला. रविवारी पुढच्या खोलीत प्रार्थना होऊ द्यावी. गुडघे धरून चालणाऱ्यांनी पेण कसे गाठायचे?

२. बँकेतली ठेव धर्मगुरू घडवणाऱ्या पाचारण निधीला देणार होते. आता देत नाही. ती नात अपेक्षाच्या शिक्षणाला.

याचे कारण लिहून ठेवते. शेजारीण अजरा म्हणाली, "अगो, तुझा पोरगाच फादर ना? त्यालाच बोलव की!" सुजय जर्मनीत असतो. फोन केला.

"आई, इथे पाच देवळं माझ्या एकट्यावर. इथे फादर मिळत नाय."

"मग आमच्याकडे काय झाडाला लागतात?"

मिस्सेची वेळ झाली म्हणून त्याने फोन ठेवला.

३. शिलाई मशीन अजराला. ज्याला काही मिळते त्याच्या घरचा साक्षीदार चालत नाही, म्हणून तिच्या नवऱ्याला, अय्यूबला, साक्षीदार केलेले नाही. वेदीची आच्छादने मी शिवलेली आहेत. पेणच्या देवळाचे कपडे धुणाऱ्या ठमाबाईच्या हाती देऊ नयेत, ती सगळ्याला ब्लीच घालते.

४. दीक्षेच्या दिवशी सुजयच्या हातांना पवित्र तेल लावून जे फडके बांधले, ते माझ्या कपाटात आहे. धर्मगुरूच्या आईला पुरताना ते तिच्या हातांत देतात, वर ओळख पटावी म्हणून. माझ्या हातांत ते सुजयनेच ठेवावे, दुसऱ्या कोणी नाही. त्याला रजा मिळाली नाही, तर मला रिकाम्या हातांनी पुरा. देवाने विचारले तर सांगेन, मुलगा दिला होता, पुढची चौकशी तुमच्याच माणसांकडे करा.

वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सेसिलिया दि. पठारे

साक्षीदार: हैबतराव म्हात्रे, डॉ. समीक्षा देशमुख
रोहा, २२ ऑगस्ट २०२४