खालच्या खणातली माती

चाचा,

सोमवारी आपल्या औषधांच्या घाऊक दुकानातला सर्व्हर बंद पडला. आज शनिवार, तरी ते निस्तरणं संपलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा वाशीमला कॉम्प्युटर कुणी पाहिलाही नव्हता, म्हणून सांगते. तुमच्या कार्डांच्या लाकडी कपाटाच्या जागी आता एक लोखंडी पेटी आहे. कोणतं औषध, कुठल्या बॅचचं, कोणत्या गावच्या दुकानात गेलं, ते सगळं तिच्यातल्या दोन हार्ड डिस्कवर उतरतं. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही लिहिलं जातं, म्हणजे एक गेली तरी दुसरी असते. शिवाय रोज दुकान बंद करताना तिसरी प्रत, बॅकअप, वेगळ्या डिस्कवर निघते. हे सांभाळायचं काम माझं. साठी उलटली तरी शेठजींचा नातू, आता तोच दुकान चालवतो, मला सोडत नाही.

एका डिस्कचा दिवा लाल झाला होता. अकोल्याच्या इंजिनिअरने फोनवर सांगितलं तसं मी नंबर दोनदा पडताळून तीच डिस्क काढली आणि नवी बसवली. चांगल्या डिस्कवरून नवीवर नक्कल सुरू झाली ती निम्म्यावर अडकली. पेटीला कान लावला तर आत टक, टक, टक. जिला मी धडधाकट समजत होते तीही आतून खराब झालेली. तिचा बिघडलेला भाग इतके दिवस कुणी वाचायलाच गेलं नव्हतं. तरी मी घाबरले नाही. बॅकअप होता ना. ती डिस्क जोडली. फाइलींची नावं तारीखवार, सगळी जागच्या जागी. पहिली उघडली, रिकामी. दुसरी, तीही रिकामी. वर्षभराच्या फाइली आणि प्रत्येकीचा आकार शून्य. नुसती नावं. डोळ्यांसमोर तुम्ही होतात, खालचा खण ओढून उभे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते साल. मला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. दुपारी औषध कंपनीची तार येते: मुलांच्या खोकल्याच्या औषधाची एक बॅच बिघडली आहे, जिथे गेली असेल तिथून ताबडतोब परत घ्या. शेठजी तार तुमच्या हातात देतात. तुम्ही शांतपणे म्हणता, ‘‘कार्ड हाय ना शेठजी, आत्ता सांगतो,’’ आणि खालचा खण ओढता. वरून कार्डांच्या कडा नेहमीसारख्या ओळीत उभ्या. तुम्ही दोन बोटांनी एक कार्ड उचलता आणि हातात फक्त कड येते. खाली माती. ओली, तांबूस, जिवंत माती, तिच्यात पांढरी वाळवी वळवळते आहे. तुम्ही अगदी हळू म्हणालात, ‘‘या अल्ला.’’

शेठजी काही बोलायच्या आत तुम्हीच बोललात. ‘‘गलती माही हाय शेठजी. वरसभर मी वरूनच पाहून राह्यलो होतो. एक कार्ड काढून नाही पाह्यलं.’’ मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, ‘‘चाचा, तुमचा काय दोष? वाळवी लागली.’’ तुम्ही माझ्यावर असे खेकसलात की मी भिंतीला टेकले. ‘‘वाळवीनं तिचं काम केलं बेटा. पाह्यचं काम माहं होतं.’’

तोंडपाठ जेवढं होतं तेवढं तुम्ही कागदावर उतरवलंत, आणि आपण एसटीने निघालो. केनवडला सगळ्या बाटल्या मिळाल्या. शिरपूरला खोकंच फोडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अनसिंगला दुकानदार बाटल्या मोजतो आणि म्हणतो, ‘‘एक कमी हाय. काल गेली. वीटभट्टीवर एका पोरीले खोकला होता.’’ तुम्ही धावत सुटलात. तुम्हाला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. झोपडीत तिची आई भाकरी थापत होती. ‘‘दोन चमचे देल्ले जी. तवापासून झोपूनच राह्यली. मले वाटलं, बरं हाय, आराम पडला.’’ पोर चार वर्षांची असेल. तुम्ही तिचा हात वर उचलून सोडलात, तो धप्पकन खाली पडला. आईच्या हातातली भाकरी तव्याबाहेर, थेट विस्तवात गेली. विटांच्या ट्रकमधून वाशीमच्या दवाखान्यापर्यंत तुम्ही त्या पोरीला मांडीवर घेऊन बसला होतात आणि सारखे तिच्या नाकापाशी बोट धरत होतात.

तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. तुम्ही व्हरांड्यात फरशीवर बसून रडलात, लोक बघत होते तरी. शेठजींनी तुम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही. पण त्यानंतर कार्डं लिहायचं काम तुम्ही मला दिलंत. खण तेवढे स्वतः दर शुक्रवारी नमाजाला जायच्या आधी रिकामे करून पुन्हा भरत राहिलात, शेवटपर्यंत.

आमचं या वेळी एवढ्यावर निभावलं. बिघडलेल्या डिस्क वाचून देणाऱ्या नागपूरच्या माणसांनी टकटकणाऱ्या डिस्कवरून बरंचसं काढून दिलं, उरलेलं मी दुकानदारांना फोन करकरून त्यांच्या बिलांवरून भरते आहे. नातू म्हणाला, ‘‘मावशी, मशीनचा काय भरवसा!’’ मी त्याला तिथल्या तिथे सांगून टाकलं की वर्षभरात बॅकअपची एकही फाइल मी उघडून पाहिली नव्हती. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. कपाटामागची भिंत झाडायचं काम माझं होतं, चाचा. तार येण्याच्या आठवडाभर आधी मी तिथे मातीची एक बारीक रेघ पाहिली होती, जमिनीतून निघून कपाटात शिरलेली. झाडायची तर कपाट सरकवावं लागलं असतं. त्या दिवशी मी पहिल्या पगाराची साडी नेसले होते.