भाऊजींचं नाव

नाटे, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दर्शनाताई,

सप्रेम जय भीम. भाऊजी गेल्याचं कळवलंस, त्यानंतर तुझा फोन बंद आहे, म्हणून थेट स्लोव्हाकियाला पत्र. इकडे भात घरात आलं. मासळी बरी मिळते.

शेवटच्या फोनवर तू सांगितलंस, भाऊजींच्या लोकांत गेलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की तो माघारी वळतो. आपण भुताखेतांना मानत नाही. तरी मी रोजनिशीतसुद्धा 'भाऊजी' एवढंच लिहिते. हा आदर की भीती, मला ठरवता येत नाही.

बाबांनी तर त्यांचं नाव जिवंतपणीही घेतलं नाही. कायम 'तो डोंबारी'. मागच्या महिन्यात ओटीवर बसून म्हणाले, "अगो रेणू, ती माणसं स्वतःला काय म्हणतात?"

तुझ्याकडून ऐकलेलं मी सांगितलं. जिप्सी हे परक्यांनी ठेवलेलं नाव, इजिप्तकडून आले असं समजून. ते स्वतःला रोम म्हणतात; त्यांच्या भाषेत माणूस, नवरा. आणि अभ्यासक म्हणतात, हा शब्द आपल्याकडच्या 'डोम'वरून, म्हणजे डोंबवरून गेला.

"म्हणजे मी बरोबरच होतो," म्हणून हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "नाही गो. माझ्या बापाने छप्पन साली लोकांनी दिलेलं नाव टाकलं. आणि मी जावयाला दुसरं चिकटवत बसलो."

मी अडवायच्या आत समुद्राकडे तोंड करून त्यांनी भाऊजींना नावाने हाक मारली. "ये रे, चहा घेऊन जा." माडाची झावळीही हलत नव्हती. शेजारच्या चंपाकाकूंचा कुत्रा पायरीखाली शिरला. बाबांनी बाजूची खुर्ची सरकवली, कुणाला बसायला देतात तशी.

त्यानंतर रोज दोन कप. दोन्ही रिकामे परत यायचे. दोन्ही बाबाच पीत असतील, असं मी रोजनिशीत लिहून ठेवलंय.

ताई, आता लिहिते. गेल्या शुक्रवारी बाबा गेले. झोपेतच.

काल दुपारी सवयीने चहा गाळला आणि तोंडून गेलं, "बाबा, चहा." नाव घेतलं नव्हतं, पण हाक ती हाकच. ओटीवरून "ओ" आली. बाबांची. पाठोपाठ दुसरी, आपल्यासारखीच, पण बोलणाऱ्याच्या जिभेला नवी.

तेव्हापासून मी मागच्या दाराने ये-जा करते. पुढे ओटीवर दोघांचं बोलणं चालू असतं. भांडण नाही.

तुझा माणूस आमच्या हाकेने इथे अडकला असेल, तर तुमच्यात पाठवणी कशी करतात ते कळव. पण बाबांना आत्ता कुठे जावई मिळालाय. तू सांगेपर्यंत कप खिडकीतून ठेवत जाईन.

दोघांनाही हाक न मारणारी,
तुझी रेणुका