उरलंसुरलं

३ जानेवारी

'उरलंसुरलं' आली! मला नाही, भालचंद्रकाकांना. 'काला अंब' बँडच्या चाहत्यांच्या ग्रुपवर सकाळपासून त्यांच्या फरीदाबादच्या डायनिंग टेबलाचे फोटो — मोठी रेकॉर्ड, तिचं पाकीट, पाकिटातून निघालेली छोटी रेकॉर्ड, कडेला चष्मा आणि अर्धं खाल्लेलं थालीपीठ.

बँड मोडला त्याला वीसेक वर्षं झाली. पद्माकर गायचा, तो कोविडमध्ये गेला. दामू बास गिटार वाजवायचा, तो आता पुण्यात असतो. त्यानेच जुन्या टेप्स उकरून ही रेकॉर्ड काढली आहे — कधी बाहेर न आलेली गाणी, तालमीतली, अर्धवट सोडलेली. मोजक्याच प्रती. माझी कुरियरवाल्याकडे कुठेतरी फिरते आहे.

छोट्या रेकॉर्डवर एकच गाणं. 'दार लोटून घे'. ते नाव वाचेपर्यंत तव्यावर पोळी करपली. हेरंब म्हणाला, "घ्या, बँडच्या नादात नवरा उपाशी."

४ जानेवारी

ते गाणं मी गायले होते. हे कुणालाच माहीत नाही, हेरंबलाही नाही.

दिल्लीत आर. के. पुरमला दामूच्या वडिलांच्या क्वार्टरखाली स्कूटरचं गॅरेज होतं. तिथे यांच्या तालमी. मी समोरच्या ब्लॉकमधली. कॉलेजातून आले की जाऊन बसायचे. एकदा पद्माकरचा घसा बसला होता. म्हणाला, "रेवती, तू गा ना, तुला पाठ आहे." गायले. एकदाच. टेप चालू होता.

पुढच्या आठवड्यात दामू बसस्टॉपवर भेटला. "पद्माकर म्हणतो, नाही जमलं यार. तो स्वतःच गाणार आहे." मी म्हटलं, अच्छा. बस आली, चढले. परत त्या गॅरेजात गेले नाही. परत गायलेही नाही. गणपतीत आरतीला नुसत्या टाळ्या वाजवते. हेरंबला वाटतं मी बेसूर आहे. वाटू दे.

पद्माकरला कधी विचारलं नाही. आता विचारणार कुणाला! मला एवढंच ऐकायचंय — जे मला जमलं नाही, ते त्याने कसं केलं.

६ जानेवारी

काकांनी गाणं मोबाइलवर उतरवून ग्रुपवर टाकलं. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र त्यांच्याशिवाय आमच्यात कुणाकडेच नाही. सगळ्यांनी तीच फाईल ऐकली. खाली टीप — "शेवटी बराच वेळ नुसती घरघर होती, अँप्लिफायरची असावी. ती मी कापून टाकली आहे." निवृत्त सेक्शन ऑफिसर शोभतात.

मी मेट्रोत ऐकलं.

पद्माकर इतक्या खोल आवाजात गायचा? विहिरीतून गातोय असं वाटतं. गाणं तर केवढं संथ. गॅरेजात आम्ही ते नाचत वाजवायचो.

आणि दुसऱ्या कडव्यात तो उशिरा शिरतो.

ती माझी चूक आहे! मी दामूकडे बघत राहिले, त्याने मान हलवली ते कळलंच नाही, आणि धावत गाडी पकडावी तशी शब्दांत शिरले होते. पद्माकरने माझी चूक का गायली? माझ्यावर हसायला? उतरायचं स्टेशन निघून गेलं.

७ जानेवारी

ग्रुपवर कौतुकाला ऊत आला आहे.

"पद्माकरच्या आयुष्यातलं सर्वांत थोर गाणं."
"मोठी रेकॉर्ड ठीकठाक, पण छोटीसाठी जीव ओवाळून टाकावा."
"हे त्याने नक्की आजारपणात गायलं असणार." (आजारी पडला तेव्हा बँड मोडून जमाना झाला होता. कुणीही काहीही.)
एकजण — "मला तर कंटाळा आला, माफ करा." त्याला लगेच दहा जणांनी घेरलं.

काकांनी तर निबंधच लिहिला. त्या आवाजात वैराग्य आहे म्हणे. त्या गॅरेजात वैराग्य नव्हतं, डास होते. पण मी काय बोलणार. मी ग्रुपवर नुसती वाचते.

सगळ्यांत जास्त कौतुक त्या उशिरा शिरण्याचं.

९ जानेवारी

परत ऐकलं. श्वाससुद्धा मी घेते तिथेच घेतो. काही कळत नाही.

१४ जानेवारी

सुट्टी टाकून पानिपतला काला अंबच्या स्मारकावर गेले. ग्रुप दरवर्षी जातो, मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच. लहानपणी संक्रांतीला आईबाबांबरोबर पानिपतची बस असायची, पुरीभाजीचे डबे, स्मारकापुढे मोठ्यांची भाषणं. अशाच एका भाषणात पेंगताना पद्माकर आणि दामूने बँडचं नाव ठरवलं होतं.

थंडी मरणाची. काकांनी सगळ्यांना तिळगूळ दिला, स्पीकर काढला आणि तिथेच गवतावर 'दार लोटून घे' लावलं. सगळे डोळे मिटून. मी बुटांकडे बघत होते.

शेजारी ऋग्वेद नावाचा मुलगा होता. लातूरकडचा, राजेंद्रनगरला राहून यूपीएससी करतो. बँड मोडला तेव्हा जेमतेम बालवाडीत असेल. म्हणाला, "मावशी, प्रिलिम्स दोनदा गेली. घरी परत निघालो होतो. मग हे ऐकलं. ते दुसऱ्या कडव्यात उशिरा येतात ना — पण येतात. आणि पुढे गाणं बिल्कुल अडत नाही. म्हटलं, अजून एकदा बसू."

मला त्याला सांगावंसं वाटलं की ती चूक आहे, आणि ती माझी आहे. म्हटलं, "स्वेटर जाड घाल रे."

येताना काका म्हणाले, "पद्माकरला कळत होतं, कुठे थांबायचं." मी मान डोलावली. राग आला होता. पद्माकरचा, काकांचा, की माझाच, ठरवता आलं नाही.

१७ जानेवारी

कुरियर आलं. पाकीट उघडून वास घेतला. मोठ्या रेकॉर्डच्या मागे सगळ्यांची नावं, कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवलं ते. छोटीवर फक्त गाण्याचं नाव. गायक कोण, काही नाही. ती कशी वाजवायची, तेही नाही. दामू तसाच आहे, अर्धवट.

हेरंबने ऑफिसातल्या एकाकडून प्लेअर मागून आणायचं कबूल केलं. "तुझ्यासाठी नाही, मशीन बघायला." खोटारडा.

१८ जानेवारी

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी प्लेअर आला. आधी मोठी रेकॉर्ड लावली. छान वाजली, हेरंब पायाने ठेका धरून होता. मग छोटी. काकांच्या फाईलसारखीच. तोच विहिरीतला आवाज. मी अर्ध्यातच उठून चहा टाकायला गेले.

बाहेरच्या खोलीतून हेरंब म्हणाला, "हे असं रेंगाळतंय का? बॅटरी उतरल्यासारखं?" मी म्हटलं, वैराग्य आहे ते. तो म्हणाला, "वैराग्य कसलं, इथे दांडी आहे बघ एक. मिनिटाला तेहेतीस फेरे, नाहीतर पंचेचाळीस. छोट्या रेकॉर्ड्स बहुतेक पंचेचाळीसवर फिरतात." आणि दांडी सरकवली.

मी आलं किसत होते.

बाहेर एक मुलगी गायला लागली.

मला आधी वाटलं, शेजारच्यांचा टीव्ही. मग शब्द कळले. मग दुसरं कडवं आलं, ती मुलगी चुकली, धावत शिरली. मी बाहेर जाऊन सुई उचलली. हेरंब म्हणाला, "अगं, ऐकू दे ना, काय गातेय ती. कोण आहे?"

मी सांगितलं. त्याने प्लेअर बंद केला. मग म्हणाला, "आणि आरतीला मला एकट्याला गायला लावतेस?" आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याने उतू गेलेला चहा पुसला.

मी तिथेच सोफ्यावर बसून रडले. कशासाठी ते मला अजून सांगता येणार नाही. पद्माकरने ते गायलंच नव्हतं. मग दामू तसं का म्हणाला? आणि जमलं नव्हतं, तर जपून का ठेवलं?

१९ जानेवारी

काका चुकीच्या वेगावर वाजवत होते आणि आम्ही सगळे त्यावर निबंध लिहीत होतो. हसू येतं.

ग्रुपवर सांगू? त्यांना पद्माकर हवाय. गेलेला माणूस परत गातोय म्हणून ते रडले. मी त्यांना काय देणार — आर. के. पुरमची एक घाबरलेली मुलगी? खऱ्या वेगात ऐकून म्हणतील, अरे, हे तर साधंच आहे. एकदा 'नाही जमलं' ऐकलंय. परत ऐकायची माझी छाती नाही.

आणि ऋग्वेद? त्याची प्रिलिम्स मे महिन्यात आहे.

पण कौतुक तर त्या चुकीचंच करतात ना? ती कुठल्याही वेगात माझीच.

हेरंब म्हणतो, "दामूला फोन कर." नंबर काढला. ठेवून दिला.

२० जानेवारी

घरी एकटीच होते. पंचेचाळीसवर लावलं, आणि यावेळी सुई उचलली नाही. गाणं संपलं. मग काकांनी कापलेली ती घरघर — ती अँपची नाहीच. गॅरेजाबाहेर स्कूटर चालू आहे. मला आठवतं, दामूचे बाबा ऑफिसातून आले होते आणि मी चहाचे कप घेऊन वर गेले होते. टेप बंद करायला सगळे विसरले.

स्कूटर बंद होते. लांबून पद्माकरचा बसलेला घसा — "परत घ्यायचं नाही, दामू. हेच ठेवायचं. यापुढे हे मी नाही गाणार, तीच गाईल. तिला सांग."

मग दामू, माईकच्या अगदी जवळ — "सांगतो."