मागची बाजू सरकारची

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

आज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तुझा फोटो आला. एरवी शेजारणीला दाखवायला चप्पल न घालता धावले असते. एकतीस वर्षं तू पाच सरकारप्रमुखांचा सल्लागार म्हणून त्यांच्या मागे उभा राहिलास आणि प्रत्येक फोटोत तुझा अर्धा खांदा तेवढा यायचा. यंदा कान दिसतो की नाही, यावर आम्ही घरात पैजा लावायचो. आज अख्खा चेहरा आला आणि खाली छापलंय काय, तर पुराच्या चौकशीत हा माणूस साक्ष देणार, आणि नदीकाठची खालची वस्ती वेळेत न हलवण्याचा सल्ला याचाच होता अशी कुजबूज आहे. माझा चहा तसाच गार झाला.

एकोणीस माणसं गेली रे त्या पुरात. अकरा वर्षं होऊन गेली तरी तो आकडा मला पाठ आहे. त्या आठवड्यातल्या तुझ्या पत्रात पुराचं अवाक्षर नव्हतं, दोन परिच्छेद नुसतं दाढेचं रडगाणं होतं. तेव्हाच मी ओळखलं की तुझं काहीतरी बिनसलंय.

तू वस्ती हलवायलाच सांगितलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सर्वांत महत्त्वाचं वाक्य सर्वांत आधी लिहावं, हे मी चाळीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं, पण त्याआधी घरी तुला शिकवलं होतं. मग उभा राहून तसं सांग की. त्या वेळचे मोठे साहेब आता हयातही नाहीत. गप्प बसायची तुला इतकी सवय लागलीय की स्वतःसाठीसुद्धा तोंड उघडत नाहीस.

आता एक विचारते. तुझी सगळी पत्रं माझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत. तू पहिल्यापासून चिक्कू. कचेरीतले कच्चे कागद टाकवत नाहीत म्हणून त्यांच्या कोऱ्या बाजूला मला पत्रं लिहायचास. पहिल्याच पत्रात बजावलं होतंस, की मागची बाजू सरकारची, ती वाचायची नाही. मी नाही वाचली. एकदाही नाही. ते दाढेचं पत्रही पेटीत आहे. कदाचित त्याच्या पाठीवरच तुझी सुटका असेल. उलटू का?

दाढ बरी असेल तर लोभ ठेव, नसेल तर आधी दवाखाना गाठ.

तुझी,
अक्का

दि. ९ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी दरदरून घाम फुटला, मग एकटाच हसत सुटलो. ज्याने एकतीस वर्षं टेबलाचा प्रत्येक खण कुलूपबंद ठेवला, त्याने सरकारची गुपितं स्वतःच्या हाताने तिकीट चिकटवून तुझ्याकडे धाडली! आणि तू ती वाचली नाहीस. अक्का, मी मोठमोठे मुत्सद्दी पाहिले, सेनापती पाहिले. त्यांतल्या एकाच्याही हातात मी एवढे कागद ठेवले नसते. मी खरोखर थक्क झालो आहे.

माझं काम नेमकं काय, हे तुला मी कधी सांगितलं नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, आता थोडं सांगायला हरकत नसावी. पहिल्या साहेबांच्या टेबलावर कागदांचा असा ढीग असायचा की पलीकडे बसलेला माणूस दिसत नसे. मी तेव्हा साधा लेखनिक. मी धीर करून सुचवलं, की प्रश्न कितीही मोठा असो, साहेबांपुढे तो एका छोट्या कागदावर, अर्ध्या पानात यावा. ठरवायचं ते पुढच्या बाजूला. मागच्या बाजूला तपशील, तो खात्यातल्या माणसांसाठी. साहेबांनी पान उलटायची गरज नाही. त्यांना ते इतकं आवडलं की पुढच्या चारही साहेबांनी तीच रीत चालू ठेवली.

दोन-दोन तास बैठक चालायची. दहा तज्ज्ञ हमरीतुमरीवर यायचे. शेवटी साहेब न बघताच माझ्याकडे हात करायचे आणि मी त्या हातात अर्धं पान ठेवायचो. त्यावर दवाखाने उभे राहिले, पूल झाले, एकदा शेजारच्या देशाशी पेटू घातलेलं भांडण विझलं. कचेरीत माझं नावच ‘अर्धं पान’ पडलं होतं. एवढ्याशा चिटोऱ्यावर एवढं जग कसं हलतं, याची मलाच कधीकधी धास्ती वाटायची.

पुराचं म्हणशील तर, वस्ती हलवा असं मी लिहिलं होतं. मला पक्कं आठवतं, शपथेवर सांगेन. पण मूळ टिपण फाइलीतून गहाळ आहे, आणि आपण काय सल्ला दिला होता हे सल्लागाराने चव्हाट्यावर मांडायचं नसतं. गेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडून मला मोकळं व्हायचं नाही. तेव्हा उलटू नकोस. राहू दे पेटीत.

दाढ तेव्हाच काढली. बाकीच्या शाबूत आहेत, लोभही तसाच शाबूत असू दे.

तुझा,
धाकटा

दि. १३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र भाची म्हणून लिहितेय आणि वकील म्हणूनही. दोघींचं तुमच्यापुढे काही चालत नाही, हे ठाऊक असूनही.

लहानपणी तुम्ही घरी आलात की मी दाराआडून तुमच्या बॅगेकडे बघत बसायचे. आत देश असतो, असं आईने सांगितलं होतं. परवा तुमच्या चौकशीसाठी जुनी वर्तमानपत्रं चाळली आणि वाटलं, ती फार काही चुकीचं सांगत नव्हती. सरकारं पडली, पक्ष फुटले, एका साहेबांनी दुसऱ्यांना तुरुंगात टाकलं, आणि तिसऱ्यांनी आल्या आल्या विचारलं काय, तर ते अर्ध्या पानवाले कुठे आहेत. ते वाचताना अंगावर काटा आला. असा माणूस आपला मामा आहे आणि त्याने मला सायकल शिकवताना दोनदा गटारात पाडलंय, यावर विश्वास बसेना.

पण मामा, आता हट्ट पुरे. मी आईकडे गेले आणि तो कागद मागितला. तिने सरळ पेटीवर बैठक मारली. त्र्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे धरलेले, पण जेवणाची वेळ टळून गेली तरी उठली नाही. धाकटा हो म्हणेपर्यंत पेटी उघडणार नाही म्हणाली. मी चिडून बोलले, की त्यात मामांचं नाव वाचवणारा एकमेव पुरावा असेल. तिचे डोळे भरून आले, पण पेटीवरून हलली नाही. तुमच्या साहेबांनाही असा पहारेकरी मिळाला नसेल.

तुमच्या साक्षीची सुनावणी चोवीस तारखेला आहे. त्या कागदावर वस्ती हलवायचा सल्ला असेल तर तुमच्या नावावरचा डाग एका सकाळीत पुसला जाईल. नसेल, तर निदान आपल्याला कळेल. त्या एकोणीस जणांच्या घरची माणसं रोज येऊन पहिल्या रांगेत बसतात. त्यांनाही कळायला हवं. तुम्ही फक्त हो म्हणा.

मोठ्यांनी लोभ करायचा असतो, मी तूर्त भांडते.

तुमची,
चिमणी

दि. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

चिमणीला तू होही म्हणाला नाहीस आणि नाहीही. म्हणून मीच मधला मार्ग काढला. दाढेचं पत्र सोबत पाठवते आहे. पेटीतली त्याची जागा मला पाठ आहे, म्हणून काढताना डोळे मिटून घेतले आणि चाचपडत पाकिटात घातलं, त्यात कोपरा थोडा दुमडला, तेवढं सांभाळून घे. मागचं सरकारचं असेल ते तुझं तू बघ.

एक मात्र सांगते. तू उलटायचंस. चिमणी म्हणते ते खरं आहे, पहिल्या रांगेत माणसं बसली आहेत. आणि त्यावर जे असेल ते मला वर्तमानपत्रातून कळायला नको, तुझ्या अक्षरात कळू दे.

लोभ कुठे जात नाही, तू आधी पाकीट उघड.

तुझी,
अक्का

दि. २५ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पाकीट तीन दिवस टेबलावर तसंच पडून होतं. सुनावणीच्या दिवशी सकाळी उघडलं आणि दाढेचं पत्र उलटलं. त्या टिपणाचा कच्चा खर्डा होता. माझंच पेन्सिलीतलं अक्षर, सात मुद्दे. पहिलाच मुद्दा, खालची वस्ती आज संध्याकाळच्या आत हलवावी. तू शिकवलंस तस्सं, महत्त्वाचं वाक्य सर्वांत आधी. पण माझ्याच हाताने एकचा आकडा खोडून तिथे सात केलेला होता, आणि समासात टंकलेखिकेला सूचना होती, की हा मुद्दा मागच्या बाजूला घ्यावा.

मतदान आठ दिवसांवर आलं होतं. वस्ती हलवली तर घबराट होणार, लोक बिथरणार. साहेबांना ते ऐकायचं नव्हतं, आणि हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. साहेब पान उलटत नाहीत, हेही मला ठाऊक होतं. तो नियम माझाच. मागची बाजू खात्यात पोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, तोवर पाणी छपरांना लागलं होतं. अक्का, मी लिहिलं होतं, पण वाचलं जाणार नाही अशा जागी लिहिलं होतं. तुझ्याशी मी खोटं बोललो नव्हतो गं, अकरा वर्षं मला अर्धंच आठवत होतं.

चिमणीला गाडीत दाखवलं. वकील म्हणून तिने सांगितलं, की हा कागद मांडायची सक्ती नाही, तो आपल्याकडे आहे हे कोणालाच माहीत नाही. मग बराच वेळ ती माझा हात धरून बसली, आणि उतरताना तिनेच दार उघडून दिलं.

मी तो न्यायाधीशांपुढे ठेवला. त्यांनी चुकून आधी दाढेचीच बाजू मोठ्याने वाचायला घेतली. कोणी हसलं नाही. मग त्यांनी पान उलटलं. मी सगळं सांगितलं, आकडा कोणी बदलला, का बदलला. साहेबांचं नाव माझ्या बचावासाठी घेतलं नाही. सल्ला ऐकणं त्यांचं काम होतं, पण तो त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवणं माझं होतं.

पहिल्या रांगेत एक शिवणकाम करणारी बाई होती. तिचा नवरा आणि सासू त्या पुरात गेली. तिने परवानगी मागून कागद हातात घेतला, दोन्ही बाजू सावकाश वाचल्या. पाणी येणार हे कोणालाच माहीत नव्हतं, असं तिला अकरा वर्षं सांगत आले होते म्हणे. मला माहीत होतं, असं म्हणणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला. मग तिने विचारलं, की त्या दिवशी माझी दाढ खरंच एवढी दुखत होती का. मी हो म्हणालो. जाताना तिने दोन्ही बाजूंची प्रत मागून घेतली.

वर्तमानपत्रात आता काय येईल ते येवो. हा कागद कचेरीतला नाही, दुकानातून विकत आणलेला आहे. मागची बाजू कोरी आहे, उलटून बघ.

लोभ मागायचं धाडस आज होत नाही.

तुझा,
धाकटा

दि. २९ मार्च

घरी ये.

महत्त्वाचं वाक्य आधी लिहिलं, म्हणून मायना खाली आला. चि. धाकट्यास, अ. उ. आ. वि. वि.

पान उलटलं. कोरं होतं. त्यावरच हे लिहिते आहे, म्हणजे तुझं सांगणं आणि माझं उत्तर एकाच कागदावर राहील. वाचून झालं की त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना दे. त्यांना वाटलं तर ठेवतील, नाहीतर फाडतील. तो हक्क त्यांचा.

जाऊ दे, झालं गेलं, असं मी म्हणणार नाही. एकोणीस माणसं होती. रात्रंदिवस ती तुझ्याबरोबर राहणार, आणि आता माझ्याबरोबरही. पण तुझ्या पाच साहेबांनी, पुलांनी आणि दवाखान्यांनी मी जेवढी दिपले नव्हते, तेवढी तू स्वतःच्या हाताने तो कागद पुढे केलास त्याने दिपले. मला वाटायचं, तू मोठा झालास तो तिकडे, बंद दारांच्या आत. तसं नव्हतं.

काल पेटी उघडली आणि तुझी सगळी पत्रं काढून मोठ्या टेबलावर मांडली, पालथी. एकतीस वर्षांचं सरकार माझ्या डोळ्यांसमोर पडलंय आणि मी अजून एक ओळ वाचलेली नाही. आपण शेजारी बसून वाचू. आणखी कुठे आकडा बदललेला सापडला, तर तोही नीट लिहून काढू. चिमणीने शनिवारपासून रजा घेतली आहे.

चष्मा विसरू नकोस.

तुझी,
अक्का