काहीच वाचलं नाही

२ ऑगस्ट
हॉस्टेलची खोली मिळाली. दोन खाटा, दोन टेबलं, कपाट मात्र दोघांत एक. हे मुद्दाम असावं.
संकल्प: पहिल्या सेमिस्टरला पहिला नंबर. शाळेत कधी दुसरा आलो नाही, इथे सवय मोडायचं काही कारण दिसत नाही. बाबांनी शेजारीपाजारी तसं सांगूनही ठेवलंय.
रूममेट आधीच येऊन खिडकीजवळची खाट बळकावून बसला होता. बोलत नाही, नुसता हसतो. त्याचं नाव घुम्या ठेवलं. (फक्त या वहीत.)

५ ऑगस्ट
पहिलं लेक्चर. माझी कल्पना अशी होती, की प्रोफेसर नाव विचारतील, मग मार्क विचारतील, मग म्हणतील, अच्छा, तो तूच का. गणिताच्या मॅडम आल्या, फळ्याकडे तोंड केलं आणि तास संपल्यावर वळल्या. मला काही विचारलं नाही. यादी आधीच वाचलेली असणार. दाखवत नाहीत.
वर्गात शे-दोनशे मुलं. चौकशी केली, तर जो तो आपापल्या शाळेत पहिला. इतके पहिले असणं शक्य नाही. कोणीतरी खोटं बोलतंय.

७ ऑगस्ट, संध्याकाळ
घुम्याने तोंड उघडलं. म्हणाला, "मला आजचं काहीच कळलं नाही रे. तुला कळलं?"
सावध झालो. ही चाल माझीच आहे. शाळेत प्रत्येक परीक्षेआधी मी "काहीच वाचलं नाही" म्हणायचो, तेही अख्खं पुस्तक दोनदा घोकून. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक म्हणतात. (इथे चोर घुम्या.)
त्याला सांगितलं, कळलं की, अगदीच सोपं होतं. मॅडम नक्की काय म्हणाल्या ते पुस्तकात बघायला हवं. उद्या.

१२ ऑगस्ट
शेवटच्या बाकावर बसायला सुरुवात केली. पुढे बसलं की मागे कोण काय करतंय ते समजत नाही. इथून सगळे दिसतात. फळा दिसत नाही.

२० ऑगस्ट
घुम्याने आपणहून नोट्स देऊ केल्या. आपल्या हाताने लिहिलेल्या नोट्स कोण कोणाला सुखासुखी देतो? मधेच कुठेतरी एखादी पायरी चुकवून ठेवलेली असणार. मी तरी तेच केलं असतं. नको म्हणालो, माझ्या आहेत.
माझ्या करायला घ्यायला हव्यात.

२९ ऑगस्ट, गुरुवार
घुम्या संध्याकाळी दप्तर घेऊन कुठेतरी गेला आणि शीळ घालत परत आला. मागच्या गुरुवारीही असंच झालं होतं. दाल में काला.

५ सप्टेंबर, गुरुवार
सरळ विचारलं. म्हणाला, ज्यांना गणित कळत नाही त्यांच्यासाठी मॅडम जादा क्लास घेतात, तूही चल, मी त्यांना तुझं नाव सांगून ठेवलंय.
नाव सांगून ठेवलंय! कोणी सांगितलं होतं? आणि ‘ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी’, वा. निवडक हुशार मुलांना गुपचूप पुढचं शिकवायचं असेल, तर मीही असंच काहीतरी नाव दिलं असतं. डोकं दुखतंय म्हणून गेलो नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार
पाळत ठेवली. क्लासच्या खिडकीबाहेर सायकल स्टँड आहे, तिथे कुलूप शोधल्यासारखं केलं. (मला सायकल नाही.) आत दहा-बारा मुलं. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज. कॉलेजात अपूर्णांक! मी दिसताक्षणी फळा पुसून बदलला असणार. मॅडमचा हात भलताच चपळ आहे.
वॉचमनने दोनदा विचारलं, कोणती सायकल.

२२ सप्टेंबर
घरी फोन. बाबांना म्हणालो, इथली पातळी बेताचीच आहे. बाबा खूश. मग ताईने फोन घेतला, बहुतेक दुसऱ्या खोलीत गेली आणि म्हणाली, "खरं सांग, शिकवतात ते कळतंय ना तुला?"
घुम्याकडे तिचा नंबर कसा गेला, ते शोधायला हवं.

१ ऑक्टोबर
नवी चाल. घुम्यासमोर पुस्तक उघडायचंच नाही. जेवून आलं की डोळे मिटून निर्धास्त पडायचं. तो झोपला की उठायचं आणि झडझडून अभ्यास.

२ ऑक्टोबर
चाल अर्धी यशस्वी. डोळे मिटले. उघडले ते सकाळी. माझी झोपमोड नको म्हणून घुम्या दिवा मालवून पॅसेजमध्ये जाऊन वाचत बसला होता म्हणे. वर माझ्या अंगावर पांघरूण घालून गेला. माणसाला अभ्यास करू न देण्याची इतकी गोड पद्धत मी पाहिली नव्हती.

१४ ऑक्टोबर
मधली चाचणी. तीसपैकी सहा. पेपर बदलला गेला आहे.

१५ ऑक्टोबर
मॅडमकडे जाऊन उत्तरपत्रिका मागितली. अक्षर माझंच निघालं. मॅडम रागावल्या नाहीत, हे संशयास्पद. म्हणाल्या, "गुरुवारी येत जा. तुझ्या मित्राने तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय."
मित्र म्हणाल्या.
घुम्याला आठ. कोणाला शंका येऊ नये म्हणून मुद्दाम घेतलेले. माणूस पोहोचलेला आहे.

६ नोव्हेंबर
पुस्तक उघडलं. पहिलं प्रकरण कळलं नाही. दुसरं पहिल्यावर अवलंबून. तिसऱ्यात जी चिन्हं आहेत ती मी उभ्या जन्मात पाहिलेली नाहीत. भीती वाटली, खरंच वाटली. बाबा लोकांना काय सांगतील?
घुम्या समोरच होता. त्याला विचारावं, अगदी ओठांवर आलं. मग वाटलं, तो याचीच वाट बघत असेल. पुस्तक मिटलं. छपाई खराब आहे.

२ डिसेंबर
गणिताचा पेपर. हॉलबाहेर सगळ्यांना सांगितलं, काहीच वाचलं नाही. सगळे हसले. एकजण म्हणाला, हुशार मुलं असंच म्हणतात. फार बरं वाटलं. अख्ख्या सेमिस्टरमधला सगळ्यात चांगला दिवस, पेपर सोडला तर.

९ जानेवारी
निकाल. गणितात नापास. बाकी विषयांत कसाबसा तरलो.
घुम्या गणितात पास, अगदी काठावर. आणि हा माणूस पॅसेजभर नाचला. भेटेल त्याला मिठी मारत होता. मग आत येऊन खाटेवर बसला आणि रडला. म्हणाला, "मला वाटलं होतं मी गेलो. मला सुरुवातीपासून काहीच कळत नव्हतं रे."
बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो. चाल शोधत होतो. सापडली नाही.

१० जानेवारी
ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबांना मी सांगते, तू आधी जेवून घे. जेवलो. घुम्याने ताट आणून दिलं होतं. त्यात काय असेल, असा विचार आला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
जादा क्लास. घुम्या पास झाल्यामुळे त्याला आता यायचं कारण नाही, तरी दारापर्यंत सोडायला आला. धरून ठेवलेली जागा दाखवली. पहिला बाक. तिथून फळा दिसतो. अपूर्णांक होते.
शेजारी एक मुलगी होती. तिने विचारलं, मागच्या सेमिस्टरचं किती झालंय तुझं?
म्हणालो, "काहीच वाचलं नाही."
ती हसली नाही. मान डोलावली आणि आपलं पुस्तक दोघांच्या मधे सरकवलं. पहिल्या पानावर उघडून.