एस. राठोड म्हणजे कोण

मी, नेमसिंग धर्मा राठोड, वय एकाहत्तर वर्षे, धंदा शेती, पूर्वी वर्तमानपत्र विक्रेता व वार्ताहर, राहणार गोरेगावजवळचा तांडा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता व नशापाणी न करता लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तरी भिंग घेऊन क्रीडा पान रोज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि वाचून मला काहीही वाटत नाही. वकीलसाहेब म्हणाले, हे शेवटचं वाक्य मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणालो, मन स्थिर आहे असं तुम्हाला लिहायचंच आहे, ते हेच. त्यांनी कपाळाला हात लावला. मसुद्यात त्यांनी कापलेलं मी घरी येऊन परत घातलं आहे, तेव्हा भाषेचा दोष त्यांना देऊ नये. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. तांड्यातलं माझं टीनपत्र्याचं तीन खोल्यांचं घर माझ्यामागे पत्नी जिवनबाई हिचं, आणि तिच्यामागे थोरला मुलगा रणजीत याचं. जिवनबाई अकरा दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. ताट पुढे सरकवते आणि पाठ फिरवते. कारण खाली सहाव्या कलमात येईल. कारण काहीही असो, घर तिचंच आहे आणि त्यात कोणी तिला तकलीफ देऊ नये.

२. गोरेगाव शिवारातली माझ्या स्वतःच्या कमाईची सात एकर जमीन. पैकी चार एकर रणजीतला. रणजीतने आयुष्यात मला एकदाही स्कोअर विचारला नाही. भारत खेळत असला तरी हा सोयाबीनला फवारा मारायचा. यावरून मी त्याला पुष्कळ बोललो. आता वाटतं, घरात शहाणा तोच एक निघाला. विहिरीकडचा एक एकर मुलगी मिना हिला. भावांनी तिच्याकडून हक्कसोड लिहून घेऊ नये, गोड बोलून तर मुळीच नाही. उरलेल्या दोन एकरांचं सातव्या कलमात सांगतो.

३. रंगीत टीव्ही रणजीतच्या लेकरांना. माझ्या हयातीत तो बंद करायची कोणाची छाती झाली नाही, नंतर खुशाल करावा. एक झेल सुटला तर बातम्यांवाले तो चाळीस वेळा दाखवतात आणि कोट घातलेली चार माणसं त्यावर तासभर भांडतात. मागल्या साली विश्वचषकात आपला संघ पहिल्याच फेरीत घरी आला, तेव्हा गोरेगावच्या चौकात पोरांनी पुतळा जाळला. सहा महिन्यांनी वीस षटकांचा विश्वचषक आला, तेव्हा त्याच चौकात त्याच पोरांनी फटाके उडवले. मी दोन्ही वेळा तिथेच उभा होतो. यंदा तर खेळाडूंचा लिलाव झाला. वसमतच्या हळदीचे भाव छापतात तसा कोण केवढ्याला गेला याचा तक्ता पेपरात आला. माझा मित्र जळबा कावरखे म्हणाला, आपल्यावर काहून कोणी बोली लावली न्हाई? सगळे हसले. मीही हसलो असणार.

जुना रेडिओ मी हयातीतच या जळबाला देऊन टाकला आहे. त्याची बटणं निघालेली आहेत, पण कुठे किती दाबायचं ते जळबाला माहीत आहे.

४. कात्रणांच्या नऊ वह्या गोरेगावच्या शाळेला, घेतल्या तर. न घेतल्यास रद्दीत घालाव्यात, मला राग नाही.

या वह्यांबद्दल थोडं लिहितो, कारण आयुष्य त्यातच गेलं. आमच्याकडे पेपर यायचा तो डाक आवृत्तीचा. ती लवकर छापून निघायची, म्हणून उशिरा संपणाऱ्या सामन्याचा निकाल तिच्यात कधी नसायचाच. 'वृत्त हाती आले तेव्हा चार बाद एकशे बारा.' आमच्या भागाने वीस वर्षं अर्धेच सामने वाचले. मी पिंपळाखाली बसून मोठ्याने वाचायचो, कारण तांड्यात माझ्या वयाचा वाचणारा मी एकटा. तिसरीपर्यंत उर्दू आणि पुढे सातवीपर्यंत मराठी, एवढं माझं शिक्षण.

विक्रेता होतो म्हणून मला वार्ताहरही केलं. पगार नाही, एक ओळखपत्र आणि एक रबरी शिक्का. बातमी कागदावर लिहायची, पाकीट हिंगोलीच्या जीपवाल्याच्या हातात द्यायचं, पुढे ते नशिबाने पोचायचं. कबड्डीच्या बातमीत नारळ कोणी फोडला, अध्यक्ष कोण, सूत्रसंचालन कोणाचं, आभार कोणी मानले, हे सगळं आधी छापायचे. खेळ शेवटी. आणि जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. असे माझे किती सामने कापले गेले त्याची गणती नाही. त्या काळी मला याचा संताप यायचा. तालुक्याच्या बैठकीत उठून मी म्हणालो होतो की नारळ फोडणाऱ्याने चढाई केली होती काय. पुढच्या बैठकीचा निरोप आला नाही.

वह्यांमधलं एक पान मी फाडून काढलं आहे. पुढचं कलम त्या पानाचं.

५. हे कलम वकीलसाहेबांनी पूर्ण कापलं होतं.

सन १९९७, प्रजासत्ताक दिनाच्या कबड्डी स्पर्धा. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत होतो. गोरेगावच्या शाळेच्या मैदानावर अंतिम सामना, तांडा विरुद्ध गोरेगाव, पंच जळबा कावरखे. गोरेगावचा असून त्याने शिट्टी बराबर वाजवली. गुण सारखे झाले आणि एक चढाई उरली. माझा धाकटा मुलगा संतोष आधीच बाद होऊन रेषेबाहेर माझ्या शेजारी बसला होता. चढाईला गेला सेवा, माझ्या शेजारच्या अमरसिंगचा मुलगा. दोघांनी त्याला कमरेला आणि घोट्याला धरलं. तो त्या दोघांना ओढत आला आणि पालथा पडून मधल्या रेषेवर हात टेकवला. मी तेव्हा ओरडलो होतो. घसा बसेपर्यंत ओरडलो होतो, हे मला आठवतं.

बातमीत मी 'सेवा अमरसिंग राठोड' असं पूर्ण नाव लिहिलं. तिसऱ्या दिवशी छापून आलं, 'एस. राठोडच्या चढाईने तांडा विजयी.' क्रिकेटवाल्यांची नावं इंग्रजी आद्याक्षराने लिहायची कचेरीला सवय, तीच आम्हाला लावली. आमच्या सात गड्यांत पाच राठोड, आणि सेवाही एस., संतोषही एस. मराठीत 'से.' नाहीतर 'सं.' घातलं असतं तरी चाललं असतं. एका मात्रेचा आणि एका टिंबाचा फरक, पण फरक राहिला असता.

त्या दिवशी अमरसिंग पेपर घेऊन आला. म्हणाला, भाऊ, आमच्या सेवाचं नाव कुठं हाय ते बोट ठिवून दाखव. मी 'एस. राठोड' वर बोट ठेवलं आणि म्हणालो, हे तुझ्या सेवाचं. त्याने ती जागा हाताने पुसली आणि कागद घडी घालून नेला.

तीन महिन्यांनी जिल्ह्याच्या संघाची निवड आली. आमच्या भागातून एकच गडी घ्यायचा होता. सामना पाहिलेलं तिथे कोणी नव्हतं. बातमीचं कात्रण आणा आणि वार्ताहराचं पत्र आणा, असं त्यांनी सांगितलं. संतोष माझ्यासमोर उभा राहिला. त्याने तोंडाने काही मागितलं नाही, नुसतं कात्रण पुढे धरलं. मी लिहिलं, 'सदर बातमीतील एस. राठोड म्हणजे संतोष नेमसिंग राठोड होय. करिता दाखला दिला असे.' खाली सही केली, शिक्का मारला. छपाईची चूक कचेरीची होती. दाखला माझा होता.

संतोष वाईट खेळायचा नाही. राज्य पातळीपर्यंत गेला, प्रमाणपत्र मिळालं, आणि दोन वर्षांपूर्वी खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरीला लागला. सेवा गोरेगाव ते सेनगाव जीप चालवतो. मी त्याच्याच जीपने जातो. पुढच्या सीटवर माझ्यासाठी जागा करतो आणि म्हणतो, काका, नीट बसा. त्यापलीकडे अकरा वर्षं तो मला काही बोलला नाही. तो नववी शिकलेला आहे, बातमी त्याने वाचली होती, निवड कोणाची झाली तेही त्याला माहीत होतं. अमरसिंगला मात्र कोणी सांगितलं नाही. पाहुणा आला की तो पेटीतून कागद काढायचा आणि म्हणायचा, हे आमच्या सेवाचं, नेमसिंगनं वाचून दाखवलं. सन २००३ मध्ये अमरसिंग वारला. त्याच्या मातीला मी गेलो होतो. डोळ्यात पाणी आलं नाही. मला वाटलं थकवा असेल, पण मग कशानेच आलं नाही.

मला लाज वाटायला पाहिजे. ती कुठे ठेवली गेली ते सापडत नाही. तरी लाज वाटणारा माणूस जे करील ते मी करतो आहे, असं समजावं.

६. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की माझ्या मरणानंतर, तो दाखला खोटा असल्याचं माझं पत्र संतोषच्या कचेरीला पाठवावं आणि दोन एकर सेवाला द्यावेत. अकरा दिवसांपूर्वी सेवाला घरी बोलावून मी हा मसुदा वाचायला दिला. जिवनबाई चुलीपाशी होती. सेवाने सगळं वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

तो म्हणाला, "काका, वावर घेतलं की तुमी मोकळे. मला तुमाला मोकळं न्हाई करायचं." आणि थोड्या वेळाने, "मेल्यावर पत्र जाईल. साहेबानं विचारलं, त जबाब द्यायला कोण राहील?"

मी त्याला विचारलं की मग मी काय करू. तो म्हणाला, ते तुमचं तुमी पाहा. चहा न घेता उठला.

म्हणून ते कलम रद्द. पत्र मी आज, जिवंत असताना, गोरेगावच्या पोस्टातून रजिस्टरने पाठवलं आहे. पावती या कागदाला टाचली आहे. त्याची एक प्रत पेपरच्या कचेरीलाही गेली. ते छापणार नाहीत. छापलं तर खालून कापतील.

संतोषला आधी फोन करून सांगितलं.  तो म्हणाला, "बा, मी एकोणीस वर्षांचा होतो. दाखला तुमी लिवला. आता माझ्या लेकरायनं काय खायाचं?"  जिवनबाई सेवा येऊन गेला त्या दिवशी जे शेवटचं बोलली तेही लिहून ठेवतो, कारण ते खोटं नाही. ती म्हणाली, लोकाच्या पोरासाठी आपलं पोरगं बुडवून राहिले. अमरसिंगचं पोरगं लोकाचं नव्हतं. जिवनबाईनेच त्याला दोन वर्षं सांभाळलं, त्याची आई आजारी असताना. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिला ते माहीत आहे, म्हणूनच ती बोलत नाही.

७. सेवाने नाकारलेले दोन एकर संतोषला. नोकरी गेली तरी त्याचे, राहिली तरी त्याचे. पुढे जे होईल त्यासाठी त्याने सेवाला जबाबदार धरू नये. रागवायचं तर माझ्यावर रागवावं. पोस्टात जे थोडं साठलेलं आहे ते क्रियाकर्माला वापरावं. दिवसकार्याला तांड्याच्या पोरांनी कबड्डी खेळायची म्हटली तर खेळू द्यावी, पण नारळ कोणी फोडू नये आणि अध्यक्ष कोणाला करू नये.

८. वार्ताहराचा रबरी शिक्का मी काल दगडाने ठेचला. त्याची वाटणी नाही.

ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं त्याने साक्षीदार राहू नये, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. सेवाने काही घेतलेलं नाही, म्हणून तो साक्षीदार होऊ शकतो. विचारायला मी त्याच्या जीपपाशी गेलो. तो म्हणाला, व्हय, येतो, पण आधी वाचीन. तो आला. जळबाही आला, त्याच्या पायाला गुडघ्याचा पट्टा असूनही आला. रणजीतने बाज टाकून दिली आणि तो गोठ्याकडे निघून गेला. मी दोघांच्या देखत सही केली, दोघांनी माझ्या देखत.

मसुद्याच्या शेवटी 'वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला' असे शब्द होते. सेवाने ते खोडायला लावले. खोडलेल्या जागी माझी आडवी सही आहे. बाकी कुठे खाडाखोड नाही.

ठिकाण: तांडा, गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली
तारीख: १२ मे २००८, सोमवार

लिहून ठेवणार:
नेमसिंग धर्मा राठोड (सही)

साक्षीदार पहिला:
जळबा ग्यानबा कावरखे, वय अडुसष्ट, शेती, राहणार गोरेगाव. त्या सामन्याचा पंच मी होतो. पाचवं कलम बराबर आहे. (सही)

साक्षीदार दुसरा:
वरचा मजकूर मला कोणी वाचून दाखवला नाही. मी स्वतः वाचला. चढाई माझी होती.
सेवा अमरसिंग राठोड (सही)