पडद्यामागचा आवाज

तीर्थस्वरूप आईस,
तुझ्या हट्टी लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, झोपही होते, थोडीफार. चौकात माझा दोन मजली फोटो लावलाय. नाक अगदी तुझं. तुझे गुडघे कसे आहेत? दादा औषधं आणून देतो ना, की नुसताच हो हो म्हणतो?

एक गंमत सांगते. शाळेतल्या नाटकाच्या बाई माझ्या सिनेमात काम मागायला आल्या होत्या. सेटवर सगळ्यांना सांगत सुटल्या, "हिला मीच घडवलंय."

हो तर! "आवाज छान आहे, पण चेहरा राणीचा नाही," म्हणून ह्याच बाईंनी मला पडद्यामागे उभं केलं होतं. संवाद मी बोलायचे आणि पुढे त्यांची भाची मुकुट घालून नुसते ओठ हलवायची.

मी दिग्दर्शकांकडे शब्द टाकून बाईंना आजीचं काम मिळवून दिलं. माझे हात धरून रडल्या. कामही बरं केलं हो त्यांनी. मग डबिंगला मी दुसरीच नटी बोलावली. "चेहरा छान आहे, पण आवाज आजीचा नाही," असं दिग्दर्शकांना पटवलं. बाईंना अजून पत्ता नाही.

सिनेमा लागला की दोन तिकिटं पाठवीन. बाईंना घेऊन जा आणि पहिल्या रांगेत बस. त्यांचे ओठ हलले की जोरात टाळ्या वाजव. त्यांच्या भाचीसाठी वाजवल्या होत्यास ना, तशाच. पडद्याच्या फटीतून मी तुझ्याकडेच बघत होते.

गुडघ्यांना जप.
तुझीच,
धाकटी